फुगडीचे पाढे

तुम्ही शाळेत काय शिकवत होता असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे : सात आठे छप्पन्न. विचारणारा हसतो आणि म्हणतो, "ते झालंच हो, पण शिवाय?" शिवाय फारसं काही नाही. काशीत दुर्गाघाटावरच्या मुलींच्या एका मराठी शाळेत माझी सगळी नोकरी गेली, आणि त्या नोकरीतला मोठा भाग सात आठे छप्पन्न, नऊ सक चोपन्न आणि आठ नि सात पंधरा एवढ्यावरच खर्च झाला. त्यात माझा काही तोटा झाला असं मला वाटत नाही. संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'काशीच्या आठवणी' मागितल्या, तेव्हा त्यांच्या मनात देवळं, घाट आणि पंडितांच्या सभा असणार. ते लिहायला पुष्कळ विद्वान आहेत. मी पाढ्यांबद्दल लिहिणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढची कथा काढावी.

शाळा म्हणजे एका देवळाच्या तीन ओवऱ्या. पहिलं महायुद्ध संपल्यानंतरची ही गोष्ट. नवरा गेल्यावर पुण्याला राहून मी ट्रेनिंग केलं आणि परत काशीला माहेरी, रामघाटावर आले. शाळेतल्या मुली बहुतेक भिक्षुकांच्या, वैदिकांच्या, शास्त्र्यांच्या. घरात मराठी बोलायच्या, गल्लीत हिंदी, आणि भांडताना दोन्ही. मुलींना घराघरांतून गोळा करून आणायला जमुना नावाची दाई होती. ती बनारसची, तोंडानं फटकळ, पण तिच्या भरवशावरच लोक मुलींना उंबऱ्याबाहेर सोडत. जमुना आजारी पडली की शाळेला आपोआप सुट्टी व्हायची.

या मुलींची आकड्यांशी ओळख मोठी गमतीची होती. अकरा, एकवीस, एक्कावन्न आणि एकशेआठ हे आकडे त्यांना बोलायला लागल्यापासून ठाऊक असायचे. एकवीस दूर्वा, एकवीस मोदक, अकरा आवर्तनं, एकशेआठ मणी. सोळाही ठाऊक, कारण सोळा सोमवार. पण सतरा, तेवीस, सदतीस हे बिचारे आकडे कुठल्याच देवाला लागत नसल्यामुळे त्यांची घरात कुणी विचारपूस केलेली नसे. माझ्याकडे एक मुलगी होती, ती एकवीसनंतर सरळ एक्कावन्नवर जायची. मी विचारलं, "मधले कुठे गेले गं?" तर म्हणाली, "ते आमच्याकडे नसतात."

दुसरी एक होती, ती बेरीज विचारली की उजवा हात दप्तरात घालायची. तिचे आजोबा गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या पिशवीत, हात घालून जप करायचे. त्यांचं बघून ही दप्तरात हात घालून पेरं मोजायची, म्हणजे बाईंना दिसू नये. चेहरा अगदी ध्यानस्थ. मी तिला कधी रागावले नाही. मोजणं हे पाप नव्हे, आणि लपवून मोजणारं मूल निदान मोजतंय तरी, हे मला पुरे होतं.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं, म्हणून थोडं समजावून सांगते. आठ आणि सात किती, असं लहान मुलाला विचारलं की ते आधी मोजतं. बोटं पुरत नाहीत म्हणून पेरं घेतं. थोडं मोठं झालं की जुळवतं : आठात दोन घातले की दहा, सातातले पाच उरले, म्हणजे पंधरा. हे फार चांगलं लक्षण. मुलीनं पहिल्यांदा असं जुळवलं की मी तिच्या हातावर खडीसाखर ठेवायची. आणि मग एक दिवस असा येतो, की ती मोजत नाही, जुळवत नाही, तिला पंधरा ठाऊकच असतात. स्वयंपाक करताना बाईला मिठाचा डबा शोधावा लागत नाही, तसं. हात तिकडे जातो आणि लक्ष भाजीत राहतं. गणितात लक्ष भाजीत राहावं म्हणून मिठाचा डबा हाताशी हवा, एवढंच माझं शास्त्र. पण मधली जुळवाजुळव चुकवून मूल एकदम तिथे नेता येत नाही. नेलं तर ते घोकतं, आणि घोकलेलं ऐन वेळी दगा देतं.

घोकण्यात मात्र आमच्या मुलींना तोड नव्हती. ज्या घरात पहाटेपासून पठण चालतं, त्या घरातल्या मुलीच्या कानाला आणि जिभेला निराळं वळण असतं. दिवेलागणीला परवचा म्हणायला बसल्या की एकापासून तीसपर्यंत पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, आणि शेवटी साडेतीनचा पाढा, म्हणजे औटकी, हे सगळं श्वास न घेता म्हणायच्या. ऐकून पाहुणे माना डोलवायचे. मीही सुरुवातीला डोलवायची. मग एकदा तपासणी झाली आणि माझी मान थांबली.

तपासणीला मडम यायची. तिच्या शेऱ्यावर शाळेची ग्रँट अवलंबून, त्यामुळे आदल्या दिवशी ओवऱ्या सारवल्या होत्या आणि मुलींना नव्या परकरांत बसवलं होतं. मडम भली होती. तिनं हिंदीत विचारलं, "सात अट्ठे कितना होता है?" साधा प्रश्न. सगळ्या मुलींनी हात जोडून, डोळे मिटून, एका सुरात सुरू केलं : "सात एके सात, सात दुणे चौदा…" मडमेला वाटलं प्रार्थना सुरू झाली. ती खुर्चीतून उठून उभी राहिली. ती उभी राहिली म्हणून मी उभी राहिले, शाळेच्या कमिटीचे दोघे शास्त्री उभे राहिले. मुली सात दाहे सत्तरपर्यंत गेल्या आणि थांबल्या. छप्पन्न वाटेत कधी आले आणि कधी गेले, ते कुणाला कळलं नाही.

मडमेनं शेरा लिहिला, त्याचा अर्थ असा : मुली उत्तम गातात, गणित कच्चे, पुढच्या वर्षी सुधारणा न दिसल्यास ग्रँटचा विचार करावा लागेल. ती गेल्यावर जमुना मला विचारते, "ए बहिनजी, मेमसाहेब काहे खड़ी हो गइलीं?" मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

मडमेचं चुकलं नव्हतं. आमच्या मुलींना सातचा पाढा येत होता, सात आठे छप्पन्न येत नव्हते. पाढा म्हणजे त्यांच्या लेखी एक लांब सबंध वस्तू. तिच्यातला मधला तुकडा काढून द्यायचा तर पहिल्यापासून सुरुवात करायला हवी. हे तुकडे सुटे कसे करायचे, याचा मी पुष्कळ विचार केला. पाट्यांवर उलटसुलट लिहून दिले, चिंचोके मांडले, बेलाची पानं मांडली. थोडं साधायचं, पण आकडा विचारला की ओठ हलायला लागायचेच. सात एके सात.

वाट सापडली ती आमच्या घराच्या भिंतीतून. भिंतीपलीकडे घनपाठी गुरुजींचं घर होतं. साऱ्या काशीत त्यांच्या वेदपठणाचा मान होता. पहाटे ते विद्यार्थ्याला संथा द्यायचे, म्हणजे एक तुकडा आपण म्हणायचा आणि त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचा. लहानपणापासून तो आवाज माझ्या कानावर होता आणि म्हणूनच मी तो कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते आणि ऐकला. घन म्हणण्याची रीत अशी असते, की शब्द सरळ पुढे जात नाहीत. पहिला दुसरा, दुसरा पहिला, पहिला दुसरा तिसरा, तिसरा दुसरा पहिला, पुन्हा पहिला दुसरा तिसरा. मग एक पाऊल सरकून दुसऱ्यापासून तसंच. एकही शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून जुन्या लोकांनी केलेली ही तजवीज. ज्याला घन येतो त्याला मधला कुठलाही शब्द द्या, तो तिथून पुढे जातो आणि मागेही येतो. मी सूप खाली ठेवलं. मला माझ्या मुलींसाठी हेच तर हवं होतं.

वेदातलं अक्षरही मला नको होतं, नुसती ये-जा हवी होती. तरी शाळेत मी घन हा शब्द काढला नाही. कमिटीचे शास्त्री ओवरीच्या दारातून कान देऊन असायचे. मी मुलींना म्हटलं, आपण फुगडीचे पाढे म्हणू या. दोघी दोघींनी समोरासमोर हात धरायचे. "सात चौदा, चौदा सात, सात चौदा एकवीस, एकवीस चौदा सात, सात चौदा एकवीस." पुढे जाताना एकीनं ओढायचं, मागे येताना दुसरीनं. मग "चौदा एकवीस, एकवीस चौदा, चौदा एकवीस अठ्ठावीस…" पहिल्या दिवशी नुसता गोंधळ आणि हसणं झालं. हळूहळू पाय जमले, जीभ जमली. मग मी मधून कुठलाही आकडा टाकायची आणि त्यांनी तिथून उचलायचा. त्यानंतर हात सोडायला लावले, मग बोलणंही सोडायला लावलं, आणि नुसतं विचारलं, सातांचे छप्पन्न कितव्या पायरीवर? आठव्या! पाढा गळून गेला होता आणि आकडा जागेवर राहिला होता.

यावर तक्रारीही आल्या. एका मुलीची आत्या तावातावानं आली. "बाई, पोरगी परवचा म्हणत नाही. विचारलं तर म्हणते, मला येतं. येतं म्हणून म्हणायचं नाही, असं कुठं असतं का?" मी तिला समजवायचा प्रयत्न केला, पण तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्या घरांत म्हणणं हेच येणं होतं. दिवेलागणीला एक एक ओसरी मुकी होत गेली, त्याला थोडीफार माझी शाळाही कारण झाली. त्याची मला अजून चुटपुट लागते.

घनपाठी गुरुजींची मुलगी वेणू माझ्याच वर्गात होती. नऊ वर्षांची, सावळी, मोठ्या कानांची. घर शेजारीच, म्हणून ती जमुनाची वाट न बघता माझ्याबरोबर यायची. गुरुजींना मुलगा नव्हता. त्यांच्याकडे पूर्वी दूरदूरचे विद्यार्थी येत. आता मुलं इंग्रजी शाळेत जायला लागली होती आणि गुरुजींच्या पुढ्यात एक पुतण्या तेवढा राहिला होता. तो स्वभावानं गरीब आणि पाठांतराला जड. त्याला एकच तुकडा किती वेळा द्यावा लागायचा, ते भिंतीपलीकडे आम्हाला पाठ व्हायचं.

वेणू परवचा म्हणण्यात सगळ्यांत पुढे, आणि म्हणूनच सुटा आकडा सांगण्यात सगळ्यांत मागे. नऊ सक विचारले की तिचे ओठ नवाएकेपासून निघायचे, आणि ती इतक्या वेगानं यायची की नीट लक्ष नसेल तर वाटावं, तिला उत्तर ठाऊकच आहे. फुगडीचे पाढे सुरू केले त्या दिवशी तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाई, हे तर अप्पांचं आहे."

"अप्पांचं कसं असेल? अप्पा पाढे म्हणतात का?"

"नाही. पण हे असंच जातं. म्हणू का मी?"

मी म्हण म्हटलं. तिनं समोरचीचा हात सोडून दिला, मांडी घातली आणि सातचा पाढा शेवटपर्यंत नेला. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, मागे येताना आवाज कसा खाली पडू द्यायचा नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुतण्याला संथा मिळत असताना ही माजघरात दिव्यात तेल घालत असे, एवढंच तिचं शिक्षण. बाकीच्या मुली फुगडी विसरून तिच्याकडे बघत बसल्या.

त्यानंतर तिला आवरणं कठीण झालं. बारा, तेरा, सतरा, एकोणतीस, जो पाढा येईल तो ती जाऊन येऊन म्हणायची. आणि मला हवं होतं तेही झालं. कुठलाही आकडा विचारा, उत्तर तयार. पुढच्या तपासणीला मडमेचं हिंदी वाक्य पुरं व्हायच्या आत वेणूनं उत्तर दिलं. मडमेनं सोपं सोडून अवघड विचारलं, वेणूनं तेही सांगितलं. ग्रँट टिकली. शिवाय जाताना मडम मला म्हणाली, या मुलीला शहरातल्या मोठ्या शाळेत पाठवा, फी माफ करवून देते. पुढे ट्रेनिंग केलं तर ही शिक्षिका होईल. तुमच्या जागी येईल.

मी त्या दिवशी घरी कशी आले ते मला आठवत नाही. माझ्या हाताखालून पुष्कळ मुली गेल्या होत्या. चौथी झाली की लग्न, आणि माझे छप्पन्न सासरच्या चुलीपुढे. त्याचं मी वाईट वाटून घेणं सोडलं होतं. पण वेणूचं मनात धरलं. ही शिकावी, हिनं शिकवावं, एवढी एकच गोष्ट मी नोकरीत स्वतःसाठी मागितली असेल. परवानगी फक्त गुरुजींची हवी होती.

मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोठी शाळा म्हणजे लांब. पाठवायचं तर आधी बघतो तरी, तुम्ही शिकवता काय. सबेरे स्नान आटोपून तिकडे येतो." त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. मला तेवढ्यानंच हायसं वाटलं.

गुरुजी आले. ओवरीत चटईवर बसले. वेणूला मी म्हटलं, "सतराचा म्हण." सतराचा पाढा अवघड, तिची हुशारी दिसेल असा माझा हिशेब. तिनं अप्पांना नमस्कार केला आणि समोर मांडी घातली.

"सतरा चौतीस, चौतीस सतरा, सतरा चौतीस एक्कावन्न, एक्कावन्न चौतीस सतरा, सतरा चौतीस एक्कावन्न."

गुरुजींनी मान वर केली. ती पुढे गेली तसे त्यांचे डोळे मिटले. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला आणि हवेत पुढे-मागे व्हायला लागला. विद्यार्थ्याला सांभाळून नेताना त्यांचा हात असाच चालायचा. आपण कुठे बसलो आहोत ते ते विसरले होते. एकाएकी त्यांनी तिला मध्येच तोडलं आणि मागचा एक आकडा फेकला, "अडुसष्ट!"

विद्यार्थ्याची परीक्षा घ्यायची त्यांची ही पद्धत. भले भले इथे कोलमडायचे. वेणूनं श्वास घेतला आणि उचललं, "अडुसष्ट पंच्याऐंशी, पंच्याऐंशी अडुसष्ट, अडुसष्ट पंच्याऐंशी एकशेदोन, एकशेदोन पंच्याऐंशी अडुसष्ट, अडुसष्ट पंच्याऐंशी एकशेदोन."

ती एकशे सत्तरला पोचली आणि थांबली. गुरुजींनी डोळे उघडले. उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला "येतो" एवढं म्हणून गेले. माझ्या मनात शंकाच उरली नव्हती. मी सबंध वर्गाला खडीसाखर वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणू आमच्या दाराच्या पायरीवर नव्हती. हाक मारली तर तिच्या आई दारात आल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि खाली बघत म्हणाल्या, "ती येणार नाही आता, बाई. हे नको म्हणतात." मोठ्या शाळेत का, असं मी विचारलं. "कुठल्याच," त्या म्हणाल्या.

मी शाळेत निरोप पाठवला आणि सरळ आत गेले. गुरुजी ओसरीवर बसले होते. पुढ्यात पुतण्या नव्हता, त्याला त्या दिवशी सुट्टी दिलेली दिसली.

"बसा," ते म्हणाले. "तुमच्याबद्दल तक्रार नाही. शाळा चांगली आहे."

"मग गुरुजी?"

"तुम्ही तिला घन शिकवलात."

"आकडे शिकवले, गुरुजी. तुमच्या विद्येतलं एक अक्षर माझ्या शाळेत कुणी उच्चारलेलं नाही."

"ते मला कळतं. अक्षर असतं तर सोपं होतं. मी रागावलो असतो, कमिटीकडे गेलो असतो, संपलं. बाई, तुम्ही भिंतीपलीकडे राहता. माझ्याकडे कोण कोण येऊन गेलं, तुम्ही ऐकलंय. कुणाचा श्वास भलत्या जागी तुटायचा. कुणी मागे येताना चाचपडायचा. मधून पद दिलं की अर्धे गार व्हायचे. ही झाली का?"

"नाही."

"नाही झाली. आणि तिला कुणी संथा दिलेली नाही."

"मग तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला ना!" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की आत भांडं वाजायचं थांबलं. "तोच बिलकुल सोसत नाही. काल संध्याकाळी ती इथे दिवा लावायला आली. माझ्या तोंडावर पहिलं पद आलं होतं. ओठ आवळून बसलो. आज आवळले, उद्या आवळीन. ही रोज शाळेतून येऊन माझ्या कानाशी असं म्हणत राहिली, तर एक दिवस मी हिला समोर बसवीन आणि संथा देईन. मला ठाऊक आहे मी देईन. मुलीला वेद दिला म्हणून मग माझ्याकडे विद्यार्थी येणार नाही, कुणी मला पंगतीला बोलावणार नाही, आणि हिला कोण करून घेईल?"

मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणून गेले, "तर द्या, गुरुजी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. "तुम्ही रामघाटावरच्या, वैदिकांच्या शेजारात वाढलेल्या," ते म्हणाले, "आणि तुम्ही असं म्हणता?"

मग मी दुसरं सांगून बघितलं. फुगडीचे पाढे बंद करते, तिला साधं लिहून गणित शिकवते, मोठ्या शाळेत तर हे काही नसतंच. गुरुजी म्हणाले, "ती विसरेल का?" मी खोटं बोलू शकले नाही. नाही म्हटलं. "मग झालं तर," ते म्हणाले, आणि पंच्यानं तोंड पुसलं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. वेणूचं दोन वर्षांत ग्वाल्हेरकडे लग्न झालं. घर बरं होतं, माणसंही वाईट नव्हती. पुतण्यानं पठण सोडून रेल्वेत नोकरी धरली. गुरुजी गेले तेव्हा त्यांच्या मागे त्यांच्यासारखं म्हणणारं कुणी राहिलं नाही. काशीतले जाणकार हळहळले, सभेत भाषणं झाली, विद्या लोप पावतेय, आजकालची मुलं घेत नाहीत, असं पुष्कळ लोक बोलले. मी मागे बायकांत बसून ते ऐकत होते. घेणारी होती हे मला ठाऊक होतं, आणि गुरुजींना ठाऊक होतं. गुरुजींचा मला राग येत नाही. त्यांनी जे भोगलं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. पण हळहळ वाटते, आणि ती वयाबरोबर कमी होत नाही. फुगडीचे पाढे मी पुढेही शिकवले, मुलींना त्यांचा फायदा झाला. वेणूच्या जागी मात्र मी कुणाला बसवलं नाही.

त्या सकाळी मी गुरुजींच्या ओसरीवरून उठले आणि बाहेर आले. वेणू मागच्या दारानं फिरून गल्लीत येऊन उभी होती. परकराचा घोळ खोचलेला, हाताला वातीचा कापूस चिकटलेला. तिनं आतलं बोलणं ऐकलं नव्हतं, किंवा ऐकून तिला कळलं नव्हतं. तिच्या घरात चुकणाऱ्यालाच उठवत असत. पुतण्या चुकला की त्याला पाटावरून उठवलं जायचं, हे ती जन्मापासून बघत होती.

"बाई," तिनं विचारलं, "माझं कुठं चुकलं हो?"

"कुठंच नाही गं," मी म्हटलं.

तिला ते पटलं नाही. तिनं भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले, आणि चूक शोधायला म्हणून सतराचा पाढा पहिल्यापासून सुरू केला. पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. आत ओसरीवर काही हालचाल ऐकू येत नव्हती. मी तिथेच उभी राहून एकशे सत्तरपर्यंत सगळा ऐकला. कुठेही चूक नव्हती.